स्पेनच्या खेड्यात जमीन आणि घर घेताना : आमचा अडीच वर्षांचा अनुभव

रानजाई
८ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गेली नऊ वर्षं आम्ही बार्सिलोनात राहतो, दोघांचेही पासपोर्ट भारतीय. माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं, घरची शेती. त्यामुळे शहरात कितीही रमले तरी आपली चार झाडं असावीत ही ओढ काही सुटली नाही. यंदा मार्चमध्ये तेरुएल जिल्ह्यातल्या मातारान्या भागात अडीच हेक्टर जमीन आणि त्यावरचं जुनं दगडी घर घेतलं. त्याआधी मुर्सियात एक व्यवहार फसला, त्यात पैसेही गेले आणि सहा महिनेही.

विपूमध्ये (माझ्या विचारपूस पानावर) तिघाचौघांनी विचारलं, "व्हिडिओत दाखवतात तसं पन्नास-साठ हजार युरोत ऑलिव्हची बाग आणि घर खरंच मिळतं का?" मिळतं. पण डोळ्यांना दिसतं त्यातलं कागदावर किती आहे हे आधी बघायला लागतं. म्हणून हा धागा.

सुरुवात जमिनीच्या जातीपासून. उर्बानो म्हणजे गावठाणातली, रुस्तिको म्हणजे गावाबाहेरची, शेतीची आणि रानाची. रुस्तिको जमिनीवर घर उभं दिसतं म्हणून ते कायदेशीर आहे असं मुळीच नाही. अशा जमिनीवर राहतं घर नव्याने बांधायला परवानगी मिळणं फार अवघड, आणि नियम प्रत्येक स्वायत्त प्रांताचे वेगळे. मग होतं काय, कुणीतरी वीस वर्षांपूर्वी अवजारांच्या खोलीचा परवाना काढलेला असतो. पुढे त्याला न्हाणीघर जोडलं जातं, पडवी निघते, पोहण्याचा तलाव होतो. आपल्याला टुमदार बंगला दिसतो, दफ्तरात मात्र अजून अवजारांची खोलीच असते.

हे किती टोकाला जाऊ शकतं त्याचं इथे सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे अल्मेरियातलं वेरा गाव. तिथे जानेवारी २००८ मध्ये एका निवृत्त ब्रिटिश जोडप्याचं घर यंत्रं लावून पाडलं. त्यांच्याकडे गावच्या पालिकेचा बांधकाम परवाना होता! पालिकेने तो द्यायलाच नको होता असं म्हणत प्रांत सरकार कोर्टात गेलं आणि परवाना रद्द झाला. म्हणून "पालिकेचा कागद आहे हो" एवढ्यावर मी आता कुणाचं ऐकत नाही.

आमची मुर्सियातली चूक वेगळीच होती. कार्ताहेनापासून अर्ध्या तासावर लिंबाची बाग, पांढरं घर, ७८,००० युरो. दलालाने सांगितलं, ३,००० युरो भरून जागा अडवून ठेवा. आम्ही भरले. नंतर वकील गाठला तेव्हा त्याचा पहिला प्रश्न, "लष्कराची परवानगी काढलीत का?" स्पेनमध्ये १९७५ चा राष्ट्रीय संरक्षणाचा एक कायदा आहे. त्यात काही पट्टे असे ठरवलेत की तिथली रुस्तिको जमीन युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला घ्यायची तर संरक्षण खात्याची परवानगी लागते. कार्ताहेना, काडिझचा उपसागर, जिब्राल्टरची सामुद्रधुनी, गालिसिया, फ्रान्स आणि पोर्तुगालच्या सीमा, बालेआरिक आणि कॅनरी बेटं, हे सगळं त्यात येतं. ती परवानगी नसेल तर रेहिस्त्रोत, म्हणजे मालमत्तेच्या नोंदणी दफ्तरात, नावच चढत नाही. आपल्या देशातला चारित्र्याचा दाखला, जमिनीचे नकाशे हे सगळं जोडून अर्ज करायचा आणि महिनोन्‌महिने थांबायचं. विकणाऱ्याला थांबायचं नव्हतं. दलालाने ३,००० युरो परत दिले नाहीत, कारण आम्ही सही केलेल्या कागदावर "काही कारणाने व्यवहार न झाल्यास" अशी एकही ओळ नव्हती.

त्यानंतर शहाणपण आलं. मातारान्यात घर बघितलं तेव्हा वकील आधी, इसार नंतर. वकीलही आपण शोधलेला. दलालाने सुचवलेला नको, विकणाऱ्याचा तर अजिबात नको.

कागदांबद्दल. आपल्याकडे सातबारा काढतो तसा इथे पहिला काढायचा कागद म्हणजे नोटा सिंप्ले. रेहिस्त्रो दे ला प्रोपिएदाद, म्हणजे मालमत्तेच्या नोंदणी कार्यालयातून ऑनलाइन मिळतो, खर्च दहा युरोंच्या आसपास. मालक कोण, बोजा काय, जमिनीचं वर्णन काय, ते त्यात असतं. दुसरं दफ्तर कातास्त्रो. तिथे नकाशा आणि करआकारणी. आपल्या गट नंबरसारखा पोलीगोनो आणि पार्सेला असा नंबर असतो, आणि नकाशा कुणालाही फुकट बघता येतो. ही दोन दफ्तरं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडे न बघता वाढली. २०१५ च्या १३ क्रमांकाच्या कायद्याने त्यांचा मेळ घालायला सुरुवात झाली, पण खेड्यात अजून फार फरक सापडतात. आमच्या जमिनीचं क्षेत्र रेहिस्त्रोत २ हेक्टर १४ आर, कातास्त्रोत ३ हेक्टर १० आर! घर रेहिस्त्रोत होतं, हे आमचं नशीब. "मास, गुरांचा वाडा आणि एरा" अशी १९५० च्या दशकातल्या खरेदीखतातली नोंद. मास म्हणजे इकडचं शेतातलं दगडी घर. आणि एरा म्हणजे काय माहितीये? खळं. फरसबंद गोल खळं, अजून जसंच्या तसं आहे. ते वाचलं तेव्हा मला एकदम घरी आल्यासारखं झालं.

मालकीचं प्रकरण मात्र गुंतागुंतीचं निघालं. जमीन तिघा भावंडांची, वडील वारलेले. तेरुएल ज्या आरागोन प्रांतात येतं त्याचा स्वतःचा जुना दिवाणी कायदा आहे. त्यात नवरा-बायकोपैकी एक गेलं की मागे राहिलेल्याला सगळ्या मालमत्तेवर तहहयात उपभोगाचा हक्क मिळतो. म्हणजे तिन्ही भावंडांनी सह्या केल्या तरी आईने हक्क सोडल्याशिवाय व्यवहार पुरा नाही. शिवाय भावंडांच्या जोडीदारांचाही पुढे-मागे येऊ शकणारा तसाच हक्क असतो, तोही सोडून द्यावा लागतो. नोतारिओच्या (इथल्या नोटरीच्या) खोलीत आम्ही धरून नऊ माणसं होतो.

नोतारिओ खरेदीखत मोठ्याने वाचतो. चतुःसीमा आल्या. जुन्या खतात शेजाऱ्यांची नावं असतात तशीच होती. उत्तरेचं नाव वाचलं तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांच्या आजींनी, म्हणजे भावंडांच्या आईने, हात वर केला. म्हणाल्या, तो जाऊन चाळीस वर्षं झाली, त्याचा मुलगाही गेला, आता नात कसते, आणि ती खळ्यापासून मोजते, भिंतीपासून नाही. नोतारिओने पेन खाली ठेवलं. मुलांना हे माहीतच नव्हतं. आम्ही सर्वेक्षक आधीच नेला होता, त्याच्या नकाशात हद्द खळ्याच्या पलीकडूनच होती म्हणून निभावलं. नाहीतर खळं गेलंच होतं.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर असा: किंमत ९२,००० युरो. हस्तांतरणाचा कर आरागोनात ८ टक्के, म्हणजे ७,३६०. नोतारिओ आणि रेहिस्त्रो मिळून दीड हजारांच्या आसपास, वकील दीड हजार, सर्वेक्षक आणि बांधकाम तपासणारा तंत्रज्ञ मिळून अकराशे. किमतीवर १२-१३ टक्के वर धरून चला. रुस्तिकोवर कर्ज द्यायला बँका फार नाखूश असतात, आम्हाला दोन बँकांनी सरळ नाही म्हटलं.

विचारा काय विचारायचं ते. वेळ मिळेल तशी उत्तरं देते.

कोयनाकाठ
८ नोव्हेंबर, रात्री १०:२५

फार कामाचा धागा ताई. एक शंका. तिथे शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागत नाही?

रानजाई
८ नोव्हेंबर, रात्री १०:५१

नाही लागत. आपल्याकडे कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, तसं बंधन इथे नाही. पण तुकडेबंदी आहे! १९९५ च्या कायद्याने प्रत्येक भागासाठी लागवडीचं किमान क्षेत्र ठरवलंय, त्याहून लहान तुकडा पाडून विकता येत नाही. "अर्धी तुम्ही घ्या, अर्धी तुमचा मित्र घेईल" असं कुणी सुचवलं तर आधी हे तपासा.

आणि लगतच्या शेतकऱ्याचा हक्क. दिवाणी संहितेच्या १५२३ कलमानुसार एक हेक्टरपर्यंतचा शेतीचा तुकडा परक्याला विकला गेला तर बांधाला लागून असलेला शेतकरी त्याच किमतीत तो स्वतःकडे घेऊ शकतो. मुदत फार थोडी, नोंदणीपासून ९ दिवस, पण हक्क खरा आहे. आमच्या जमिनीत ओढ्यापलीकडे ०.७ हेक्टरचा सुटा तुकडा होता. वकिलाने विचारायला लावलं म्हणून शेजाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, माझ्या वडिलांना तो हवा होता, मलाही हवाय. मग आम्ही बाकीची जमीन घेतली, तो तुकडा भावंडांनी त्याला विकला. क्षेत्र कमी झालं, पण आज तोच शेजारी ट्रॅक्टर घेऊन येतो.

नीरानरसिंह
९ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

मी पुण्यात असतो, पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. इथूनच पैसे पाठवून असं काही घेता येईल का? आणि घर घेतलं की तिथे राहण्याचा परवाना मिळतो असं ऐकलं होतं.

आकडेमोड
९ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

पैशांच्या बाजूचं मी सांगतो, हाच व्यवसाय आहे. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, त्यातून परदेशात घर-जमीन घेता येते. पती-पत्नी दोघांची मर्यादा एकत्र करता येते, मात्र प्रत्येकाने स्वतःच्या नावाने रीतसर पाठवायला हवे. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच वसूल होणारा कर) कापते. तो जास्तीचा कर नाही, विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर तेवढी रोकड अडकते. साठ लाख पाठवायचे तर दहा लाख आधी बाजूला हवेत.

दुसरं, विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा. दरवर्षी. घर पडून असलं, भाडं शून्य असलं तरी. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात हे न दाखवल्याचा दंड १० लाख रुपये आहे. माझ्याकडे दोन माणसं अशी आली की पैसा सगळा पांढरा, फक्त तक्ता भरायचा राहिला. त्यांची झोप उडालेली मी बघितली आहे.

रानजाई
९ नोव्हेंबर, दुपारी १:०५

आकडेमोड, मनापासून आभार, हा भाग मला येत नव्हता.

नीरानरसिंह काका, राहण्याच्या परवान्याचं जे तुम्ही ऐकलं ते गोल्डन व्हिसाचं. पाच लाख युरोंच्या घरखरेदीवर तो मिळायचा, २०१३ च्या कायद्याने सुरू झाला होता. ३ एप्रिल २०२५ ला बंद झाला. आता घर कितीही मोठं घेतलं तरी त्यावर राहण्याचा हक्क मिळत नाही. पर्यटक म्हणून १८० दिवसांत ९० दिवस. त्याहून जास्त राहायचं तर निवृत्तांना सोयीचा व्हिसा म्हणजे नो लुक्रातिवा. त्यासाठी एकट्याला महिना २,४०० युरो उत्पन्न दाखवावं लागतं, सोबतच्या प्रत्येक माणसामागे आणखी ६००. त्यावर काम करता येत नाही. अर्ज भारतातल्या स्पॅनिश वकिलातीत करायचा.

स्पेनमध्ये न राहता नुसतं घर ठेवलंत तरी कर आहे. पालिकेचा मालमत्ता कर, म्हणजे इबी, तर आहेच. शिवाय घर रिकामं असलं तरी त्याच्या कातास्त्रो मूल्याच्या १.१ किंवा २ टक्के हे तुमचं उत्पन्न मानतात, आणि युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला त्यावर २४ टक्के कर. आकडा लहान असतो, पण दरवर्षी भरायचा.

आणि जानेवारी २०२५ मध्ये इथल्या पंतप्रधानांनी बिगर-युरोपीय, स्पेनमध्ये न राहणाऱ्या खरेदीदारांवर १०० टक्क्यांपर्यंत कर लावायचा बेत जाहीर केला. मे महिन्यात विधेयक मांडलंही गेलं. अजून कायदा झालेला नाही, पण तुमच्यासारख्यांनी घाई न करता त्याच्यावर नजर ठेवावी असं मला वाटतं.

सह्यकडा
९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४८

ताई, तुमचा धागा आजच वाचला आणि पोटात गोळा आला. मी डब्लिनला असतो, भारतीय पासपोर्ट. ग्रानादा जिल्ह्यात आल्पुहारामध्ये एक कोर्तिखो, म्हणजे शेतातलं घर, पसंत केलाय. डोंगरउतारावर घर, तलाव, अंजिरं, बदाम, कालव्याचं पाणी. १,१५,००० युरो. येत्या शुक्रवारी १० टक्के आरास भरायचे ठरलेत. वकील अजून केलेला नाही. दलाल म्हणतो नोतारिओ सगळं तपासतोच.

रानजाई
९ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१०

शुक्रवारी पैसे भरू नका. हात जोडून सांगते.

नोतारिओ दोघांचा तटस्थ साक्षी असतो. ओळख, सह्या, मालकी, बोजा बघतो. तलाव परवाना घेऊन बांधला का, हे तो तुमच्या वतीने शोधत बसत नाही. आरास म्हणजे आपला इसार. दिवाणी संहितेचं १४५४ कलम लावून करार केला तर विकणारा फिरला तर दुप्पट परत देतो, पण तुम्ही मागे सरलात तर तुमचे साडेअकरा हजार गेले. "घर बेकायदा निघालं" हे मागे सरायचं कारण करारात लिहिलेलं नसेल तर भांडत बसावं लागेल.

आज रात्रीच नोटा सिंप्ले मागवा. वर्णनाची ओळ इथे लिहा.

उन्हाळपाखरू
९ नोव्हेंबर, रात्री ८:३२

मी मालागाजवळ राहते, बारा वर्षं झाली. आंदालुसियाबद्दल थोडं, ग्रानादाही त्यातच येतं. इथे गावाबाहेर परवान्याशिवाय झालेली घरं अक्षरशः डोंगरभर आहेत. त्यांच्यासाठी पालिका एक दाखला देते, बोलताना सगळे त्याला दाफो म्हणतात. बांधून ६ वर्षं उलटली असतील आणि जमीन विशेष संरक्षित नसेल तर पाडण्याची कारवाई करता येत नाही. अशा घराला तो दाखला मिळतो. त्यावर वीज-पाण्याची जोडणी घेता येते, डागडुजी करता येते, रेहिस्त्रोत नोंद करता येते. पण घर कायदेशीर होत नाही, त्याला नुसतं राहू देतात. वाढवता येत नाही, मजला चढवता येत नाही. २५ मे १९७५ च्या आधीचं आणि मूळ रूपात असलेलं घर असेल तर त्याची गोष्ट वेगळी, ते परवान्याचं असल्यासारखंच धरतात.

सह्यकडा, तलाव आणि वाढीव खोल्या कधीच्या आहेत ते जुन्या हवाई छायाचित्रांवरून कळतं. सरकारी नकाशा संस्थेच्या संकेतस्थळावर वर्षावर्षाची छायाचित्रं आहेत. मी असंच एक घर २००७ च्या छायाचित्रात शोधत बसले होते आणि तिथे नुसते बदाम होते.

मांडवीतीर
१० नोव्हेंबर, सकाळी ८:२०

नमस्कार, मी मूळचा डिचोलीचा, पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन आठ वर्षांमागे लिस्बनला आलो. बायकोला डोंगर हवा होता म्हणून दोन वर्षांमागे गालिसियात ओरेन्से जिल्ह्यात घर घेतलं. पासपोर्ट युरोपीय असल्याने लष्कराच्या परवानगीची गरज पडली नाही. गोव्यातल्या बऱ्याच जणांना हे लागू होईल म्हणून मुद्दाम लिहितो.

गालिसियाची तऱ्हा वेगळी. जमीन इतकी वाटली गेली आहे की आमच्या घरासोबत अकरा तुकडे आले, त्यातले काही एका अंगणाएवढे. आणि गावामागचा डोंगर कुणा एकाचा नाही, सगळ्या गावाचा. ऐकल्यावर मला आमची गोव्यातली कोमुनिदाद, म्हणजे गावच्या सामायिक जमिनीची संस्था, आठवली. पण एक मोठा फरक आहे. आमच्याकडे गावकार म्हणून हक्क वंशाने येतो, माणूस मुंबईला राहिला तरी झोण (उत्पन्नातला वाटा) त्याचाच. इथे हक्क राहण्याने येतो. जुना शब्दप्रयोग असा की ज्याच्या घरातून धूर निघतो तो वाटेकरी. गाव सोडून गेला की हक्क गेला, तो विकताही येत नाही. एका दलालाने "डोंगरातला हिस्साही मिळेल" असं सांगितलं होतं, ते खोटं होतं.

वणव्याचं मात्र गांभीर्याने घ्या. यंदाच्या ऑगस्टमध्ये ओरेन्से जिल्हा जळत होता, आम्ही चार रात्री कपडे घालून झोपलो. घराभोवती ५० मीटरचा पट्टा साफ ठेवायचा कायदा आहे, आणि घराजवळ पाईन आणि निलगिरी चालत नाही. घर बघायला जाल तेव्हा मागे निलगिरी कुणाची आणि किती लांब हे आधी बघा. फर्निचर मग.

उन्हाळपाखरू
१० नोव्हेंबर, सकाळी १०:०२

धूर निघतो तो वाटेकरी! किती छान सांगितलंत.

द्राक्षमळा
१० नोव्हेंबर, दुपारी १२:४०

पिंपळगावहून. आमचा प्रश्न एकच, पाण्याचं काय?

रानजाई
१० नोव्हेंबर, रात्री ९:१८

दादा, हाच प्रश्न मी सगळ्यात आधी विचारला होता. विकणाऱ्यांनी विहीर दाखवली, वाकून बघितलं, पाणी होतं. वकिलाने एब्रो खोऱ्याच्या जलप्राधिकरणाकडे चौकशी केली, तिथे नोंदच नाही. १९८५ चा जल कायदा १९८६ च्या सुरुवातीला लागू झाला तेव्हापासून भूगर्भातलं पाणी सार्वजनिक. स्वतःच्या जमिनीतून वर्षाला ७,००० घनमीटरपर्यंत उपसा करता येतो, पण त्याची नोंद करावी लागते. नोंद नसलेली विहीर म्हणजे पुढे दंडाची भीती. आम्ही त्यावर किंमत चार हजारांनी खाली आणली आणि आता नोंदीचा अर्ज केलाय. तोवर आल्खिबे, म्हणजे जमिनीखालचं दगडी टाकं. छपराचं पाणी त्यात उतरतं. तीसेक हजार लिटर मावतं. पावसाळ्याची वाट बघायची सवय माहेरची आहेच, पण इथे पाऊस सप्टेंबरनंतर.

इथल्या नोटा सिंप्लेत सेकानो आणि रेगादिओ असे शब्द असतात, आपले जिरायत आणि बागायत. बागायत लिहिलेलं असेल तर कालव्याच्या संस्थेत तुमच्या जमिनीचा हक्क किती तास, कोणत्या वारी, ते लेखी घ्या. आल्पुहारात आणि व्हालेन्सियात अरबी काळापासूनचे पाट आहेत. पाण्याच्या पाळीला तांदा म्हणतात. व्हालेन्सियात तर दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दारात पाण्याची पंचायत बसते. शेतकरीच न्यायाधीश, सगळं तोंडी. युनेस्कोने २००९ मध्ये तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. खानदेशातल्या फडावरचे पाटकरी तिथे बसले असते तर त्यांना काही वेगळं वाटलं नसतं.

सह्यकडा
१० नोव्हेंबर, रात्री ११:०५

नोटा सिंप्ले आली. वर्णन जसंच्या तसं भाषांतर करून लिहितो: "जिरायत जमीन, बदाम व अंजीर, क्षेत्र १ हेक्टर ४ आर." संपलं. घर नाही. तलाव नाही. कालव्याचा उल्लेखही नाही.

मी तीन वेळा वाचलं.

रानजाई
१० नोव्हेंबर, रात्री ११:२०

कळतंय मला. पण तुम्ही आज वाचलंत, शुक्रवारनंतर नाही. उद्या सकाळी वकील गाठा. तीन गोष्टी विचारायला सांगा: घर किती सालचं, तलाव किती सालचा, जमीन विशेष संरक्षित आहे का. आणि जमिनीतून गुरांची जुनी वाट जाते का हेही. मेंढपाळांच्या त्या वाटा सरकारी मालकीच्या, सगळ्यात मोठी कान्यादा ७५ मीटर रुंद. कुंपणाच्या आत असली तरी आपली होत नाही. आमच्या भागात एकाचं अर्धं अंगण त्यात निघालं.

तिठा
११ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

थोडा वेगळा प्रश्न, राग नसावा. मी सिंधुदुर्गातला. आमच्याकडे बाहेरच्यांनी जमिनी घेतल्या, भाव चढले आणि गावच्या पोराला दोन गुंठे घेणं जमेना. तुम्ही तिथे तेच करत नाही ना?

रानजाई
११ नोव्हेंबर, दुपारी २:३०

राग कसला, हा प्रश्न आम्हीही एकमेकांना विचारला होता. किनाऱ्यावर आणि बेटांवर तुम्ही म्हणता तेच झालंय, माय्योर्कात लोक त्यासाठी रस्त्यावर उतरतात. आतला भाग उलटा आहे. तेरुएलमधली गावं ओस पडत चालली आहेत. मार्च २०१९ मध्ये अशा रिकाम्या होत चाललेल्या भागांतल्या लोकांनी माद्रिदला मोठा मोर्चा काढला. दवाखाना, शाळा, रेल्वे द्या म्हणून. आमचं मास बारा वर्षं बंद होतं, छप्पर एका कोपऱ्यात बसलं होतं. तरी दोन गोष्टी आम्ही ठरवून केल्या. गावठाणातलं घर बघितलं नाही, कारण तरुण जोडप्यांना भाड्याने मिळायला तीच कमी पडतात. आणि पर्यटकांना भाड्याने द्यायचं नाही. जमीन मात्र कसायची. एम्पेल्त्रे जातीची एकशे चाळीस ऑलिव्हची झाडं आहेत, निम्मी मागच्या मालकांनी कधी छाटलीच नव्हती. शेजाऱ्याने छाटणी शिकवली. यंदाचा माल गावच्या सहकारी घाण्यावर घालायचा आहे.

आकडेमोड
११ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

तिठा यांचा प्रश्न योग्य आणि उत्तरही आवडलं.

एक पुरवणी: विकणारा स्पेनबाहेर राहणारा असेल तर किमतीच्या ३ टक्के रक्कम कापून ती तिथल्या कर खात्यात खरेदीदारालाच भरावी लागते. सह्यकडा, तुमचा विकणारा कुठला आहे ते बघून घ्या. आणि भारतातून कुळमुखत्यारपत्र देणार असाल तर ते अपोस्टिल (परदेशात चालण्यासाठीचं सरकारी प्रमाणन) करून, शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिशमध्ये करून न्यावं लागतं.

सह्यकडा
१६ नोव्हेंबर, रात्री ८:१५

मंडळी, उशिरा लिहितोय. मंगळवारी वकील केला, ग्रानादातलीच बाई आहे. शुक्रवारी पैसे भरले नाहीत. दलाल चिडला, दुसरा गिऱ्हाईक तयार आहे म्हणाला. वकिलीणबाई म्हणाल्या, असू दे.

कळलेलं असं: मूळ दोन खोल्या जुन्या आहेत, १९५६ च्या हवाई छायाचित्रातही दिसतात. मागची वाढ आणि तलाव २०१० आणि २०१३ च्या छायाचित्रांच्या मधले. जमीन विशेष संरक्षित नाही. मेंढ्यांची वाट नाही. कालव्याच्या संस्थेत मात्र जमिनीच्या नावाने दर अकरा दिवसांनी दोन तासांची पाळी आहे, ती नोंदवहीत सापडली. वही हाताने लिहिलेली आहे, त्यांनी फोटो पाठवला.

विकणाऱ्या बाईंना हे सगळं सांगितलं. त्या जर्मन आहेत, वय सत्तरच्या पुढे, त्यांनी वीस वर्षांपूर्वी असंच न तपासता घेतलं होतं आणि वाढही त्यांच्या आधीच्या नवऱ्याने केलेली. त्यांनाच धक्का बसला. आता ठरलंय ते असं: दाफोचा अर्ज त्या करणार, खर्च त्यांचा. दाखला हातात आल्यावर घराची नोंद रेहिस्त्रोत. आम्ही ३,००० युरो वकिलाच्या खात्यात ठेवायचे. दाखला सहा महिन्यांत आला नाही तर पूर्ण परत, हे करारात लिहिलंय, कलम क्रमांक चार. किंमतही नऊ हजारांनी उतरली.

उन्हाळपाखरू
१६ नोव्हेंबर, रात्री ८:४०

हे फार बरं झालं. दाफोसाठी तंत्रज्ञाचा अहवाल लागतो, सांडपाण्याची टाकी मान्यताप्राप्त नसेल तर तिथेच अडतं. ती आधी बदलून घ्यायला सांगा.

रानजाई
१६ नोव्हेंबर, रात्री ९:०२

नऊ हजार उतरले त्यापेक्षा मला ती अकरा दिवसांची पाळी सापडल्याचा आनंद जास्त आहे. त्या वहीच्या पानाची सही-शिक्क्याची प्रत खरेदीखताला जोडायला सांगा, आणि पाट ज्या वरच्या शेतातून येतो त्याच्या मालकाला जाऊन भेटून या. उद्यापासून आमची तोडणी आहे, दोन आठवडे इथे फिरकणं होणार नाही. विपू करून ठेवा, परत आले की उत्तरं देते.